घोंगडं आणि रेडिओ

बजाजनगरातल्या दुरुस्तीच्या दुकानात मी मिक्सर घेऊन बसलो होतो. पुढच्या गृहस्थांनी आपला हॅम रेडिओ, म्हणजे दूरच्या माणसांशी बोलायचा बिनतारी संच, दुरुस्ती करणाऱ्या रूपाताईंसमोर काउंटरवर ठेवला.

"रूपाताई, वीज पडली नाय, पाऊस नाय, तरी कालपासून हा बहिरा झालाय. देवगावचा अप्पाराव रोज सातला हाक मारतो, अन् मला काय ऐकू येत नाय."

"मल्हारीभाऊ, याला झाकता कशानं?"

"बाच्या घोंगड्यानं. धूळ लई येते."

"घोंगडं ओढताना चटचट वाजतं?"

"वाजतं की. थंडीत ठिणग्याबी दिसतात."

"तीच ठिणगी तुमच्या बोटातून अँटेनाच्या तारेत गेली, अन् आतला नाजूक भाग जळला."

"घोंगड्यानं? मी त्यातच वाढलो, ताई. मला कधी काय झालं नाय."

"तुम्हाला नाय होत, याला होतं. याला सुती कापड घाला. अन् तारेला हात लावायच्या आधी अर्थिंगला लावा. अंगातली वीज भुईत जाते."

"म्हंजे आधी भुईला हात."

"व्हय."

"बा रोज मेंढरं सोडायच्या आधी लावायचा. पण तो नमस्कार होता."

"तुम्हीबी नमस्कारच समजा. म्हंजे विसरणार नाय."