अष्टग्रहीतली कबुली

अष्टग्रहीत दुनिया बुडणार म्हणून सारं भिलाई घाबरलं होतं, तेव्हा मी काय करून बसलो ते सांगतो तुमाले. आठ ग्रह एका राशीत येणार होते. जवळच्या मरोदा गावात यज्ञ चालू होते, आणि आमच्या पोलादाच्या प्लांटमधले कितीतरी लोक सुट्टी टाकून गावी पळाले होते. मी आणि माझा जोडीदार जोसेफ, दोघं फिटर, ड्युटीवर होतो. जोसेफ ख्रिस्ती. तो आरामात डबा खाऊन राहिला होता.

"तुले भेव नाही वाटत?" मी विचारलं.

"कावून वाटन? तो दिवस देवानं कोणालेच सांगितला नाही, असं आमच्या धर्मात आहे. तुमच्या पंडिताले कुठून समजला?"

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मरायच्या आधी मन मोकळं करावं म्हणून मी त्याचा हात धरला. "जोसेफ, मले माफ कर. तू ड्युटीवर झोपतो असं साहेबाले मीच खोटं सांगितलं होतं. रशियाच्या ट्रेनिंगच्या यादीतून तुझं नाव माझ्यामुळंच कटलं. मले जायचं होतं ना!"

"आणि गेला तिसराच," जोसेफ शांतपणे म्हणाला. "मले माहीत आहे. साहेबानं दिवाळीतच सांगितलं."

"मग तू बोलला कावून नाही?" मले रडूच आलं.

"तू सोताहून सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो." तो हसायला लागला. "पण लेका, त्याच्यासाठी तुले आठ ग्रह लागले!"