लोहाऱ्याकडे फिरवलेला अँटेना

माझ्या रोजच्या वहीत लिहिलेलं असलं की माझं बोलणं खरंच असतं, असं तुम्ही म्हणता ना? मग हे ऐका.

नेर गावी माझे सासरे अँटेनावर टीव्ही पाहत. जुनं प्रक्षेपण बंद झालं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या राहिल्या. मेहुणा डिश घ्यायला निघाला, तर मी वहीत चिकटवलेलं कात्रण वाचून दाखवलं: आता अँटेनावरच डिजिटल येणार, तेही फुकट. सासऱ्यांनी मुलाला थांबवलं. "जावईबापूनं लिहून ठेवलं हाय," एवढंच म्हणाले.

तीन वर्षं झाली, तरी त्यांच्याकडे मुंग्याच. मी मात्र कंटाळून आमच्या लोहारा गावी घरामागे गुपचूप डिश बसवून घेतली.

परवा सासरे आमच्याकडे आले. स्वच्छ चित्र पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"आलं ना डिजिटल! आन् पोट्टं मले येड्यात काढून राह्यलं होतं."

"हो, इकडे आलं," मी म्हणालो. त्या दिवसाचं पान मी वहीत कोरंच सोडलं.

आज सकाळी त्यांचा फोन आला. "जावईबापू, अँटेना तुमच्या लोहाऱ्याकडं फिरवून ठेवला. अजून काही दिसत नाही, पण मले घाई नाही."