पाचव्या गाण्यातलं मरण

होबार्ट : या, या, बसा. जेवूनच जा. हॅम आहे, चीज घातलेले बटाटे आहेत, घेवडा आहे. माझ्याच मयताचं आहे सगळं, संकोच करू नका.

गार्लंड : बाबा, चूक झाली आमची. म्हणून तर आलोय.

होबार्ट : पंधरा दिवस ओहायोला बहिणीकडे काय गेलो, परत येतो तर पायऱ्यांवर झाकलेली भांडी, मी गेलो समजून गावानं शिजवून आणलेली! शेजारची ओपल म्हातारी मला बघून किंचाळली आणि हातातला केक टाकून पळाली.

नेडीन : रेडिओवाल्यानं नीट सांगायला हवं होतं, काका, की तुमचं मरण नुसतं गाण्यातलं आहे.

होबार्ट : सांगितलं की! म्हणाला, 'आपल्या डोंगरातली जोडी, गार्लंड आणि नेडीन. पाच नवी गाणी. चिंतनशील अमेरिकाना लोकसंगीत.' चिंतनशील! म्हणजे बॅन्जोलाही झोप लागलेली आणि गाणाऱ्यालाही. आम्ही वाजवायचो तेव्हा लोक नाचून जमिनीच्या फळ्या मोडायचे. तुमचं ऐकून लोक हॅम भाजतात.

गार्लंड : अशा गाण्यांत कोणीतरी मरतंच, बाबा.

होबार्ट : मग हिचा बाप मारायचा! तोही धडधाकट आहे.

नेडीन : तो दुसऱ्या गाण्यात मेलाय.

होबार्ट : शाबास! आणि माझं नाव कशाला घातलंत? नाव, घरामागचा ओढा, लाकडाच्या गिरणीत तुटलेलं बोट... नुसता खड्डा खणायचा बाकी ठेवलात.

नेडीन : खरं वाटायला हवं ना, काका.

होबार्ट : खरं? मरताना मी म्हणतो, 'तुझी गाणी मी चोरून ऐकत होतो, पोरा. चांगली होती.' मी! असलं गुळमट बोलणं मला मेल्यावरही जमायचं नाही. हे तुझंच काम, पोरी.

नेडीन : माझी ओळ वेगळी होती. 'दार लाव, थंडी येतेय.' एवढं बोलून तुम्ही मान टाकता.

होबार्ट : हां! हा मी. याला म्हणतात ओळ. मग काढली कोणी?

नेडीन : दोघांना पटल्याशिवाय एक शब्द बदलायचा नाही, असा आमचा नियम आहे. अख्ख्या संग्रहात मी एकदाच हार मानली. हा माझ्याशी बोलेनासाच झाला होता.

गार्लंड : नेडीन, पुरे.

होबार्ट : म्हणजे तू लिहिलंस ते?

गार्लंड : हो.

होबार्ट : काडीची लाज नाही वाटली? उभ्या जन्मात जे मी बोललो नाही, ते माझ्या तोंडात कोंबलंस. आणि आज संध्याकाळी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये, तुमच्या त्या प्रकाशनात, गावासमोर पुन्हा कोंबणार. लोक गाणं सोडून माझ्याकडे बघत बसतील. काढून टाका ते. चार पुरेत. तशीही दोन जास्तच आहेत.

गार्लंड : काढतो.

नेडीन : गार्लंड! अरे, तेच तर एक धड जमलंय आपल्याला.

गार्लंड : काढतो, बाबा. आज गाणार नाही, पुन्हा कधीच गाणार नाही. फक्त ते 'चांगली होती'चं वाक्य तुम्ही एकदा म्हणा. इथेच, आमच्या दोघांपुढे. खोटं म्हटलंत तरी चालेल.

(होबार्ट डोक्यावरची टोपी काढतो, आत बघतो, पुन्हा घालतो.)

होबार्ट : किती वाजता आहे तुमचं ते?

नेडीन : सातला.

होबार्ट : गा मग. मला मेलेलाच राहू दे.