तांबड्या वासराची आई

माझं नाव एझ्रा टॉलिव्हर, वय ६३, धंदा गुरं राखणं, राहणार कंपनीच्या रँचवर, गुराख्यांच्या खोलीत, चोकचेरी ओढा, वायोमिंग. शेरीफच्या कचेरीत समक्ष हजर राहून सांगतो की,

ओरिन पेक पूर्वी आमच्यातलाच गुराखी. आता ओढ्यापलीकडे स्वतःची आठ-दहा गुरं राखून आहे.

आज सकाळी आमचा मुकादम वेड स्ट्रिकलंड याने ओरिनच्या कुंपणात एक तांबडं वासरू धरलं. त्यावर तापल्या लोखंडानं दिलेला ओरिनच्या मालकीचा ताजा डाग होता. आमच्याकडे आईचा डाग तोच वासराचा डाग. म्हणून आई ओळखायला वासरू आमच्या कळपात सोडलं. ते थेट कंपनीच्या बांड्या गायीला लुचलं. तिनं हुंगलं, चाटलं, पान्हा सोडला.

मुकादम म्हणाला, "गाय काही खोटं बोलत नाही."

ओरिनला चोर ठरवून, हात मागे बांधून घोड्यावर बसवलं, झाडाखाली नेलं आणि गळ्यात फास घातला. तो म्हणाला, "एझ्राकाका, तुम्हीच सांगा. माझं इथं कोण ऐकतंय."

मी त्याच्या घोड्याचा लगाम धरला. घोडा माश्यांनी हैराण होता. दोन पावलं पुढे गेला असता तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

मी सांगितलं ते असं. वसंतातल्या हिमवादळात ओरिनची गाय विताना मेली, वासरू जगलं. तेव्हाच आमच्या बांडीचं वासरू गारठून गेलं. मी मेलेल्याचं कातडं सोलून ओरिनच्या वासराच्या पाठीवर बांधलं. आपल्या पिल्लाचा वास आला तशी बांडीनं त्याला जवळ केलं. मोठं झालं की ओरिननं न्यावं, असं ठरलं होतं. परवा त्यानं नेलं.

मुकादम म्हणाला, "कंपनीचं दूध कुणाला विचारून पाजलंस, म्हाताऱ्या?"

"गायीला विचारलं होतं."

एक जण हसला.

"पुरावा?"

"कातडं केव्हाच कुजलं. माझी जीभ आहे."

"मग ती शेरीफपुढे चालव. आणि परत यायची तसदी घेऊ नकोस."

त्यानं फास काढायला लावला. इथवर येईपर्यंत मी लगाम सोडला नाही. मी बसून आलो तो घोडा कंपनीचा, तो त्यांनी माघारी नेला. खोगीर तेवढं माझं, ते पायरीशी ठेवलंय.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, मीही अक्षरं लावून वाचला. सांगितलं तसंच उतरलं आहे. ओरिनचे हात अजून बांधलेले होते, ते सोडा म्हणालो. सोडले. मग सही केली.