तीनशे अठरा युनिट कोणी जाळले

दि. २० जानेवारी २०२६, मंगळवार. वेळ दुपारी ३.१०.

मी, श्रीमती सुलक्षणा अनंत धुरी, वय ६९ वर्षे, धंदा निवृत्त (दूरध्वनी खात्यात ऑपरेटर, तेहेतीस वर्षे), राहणार रो हाऊस क्रमांक १४, गोराई, बोरिवली पश्चिम, मुंबई.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर १९९४ पासून राहण्यास आहे. घर तळमजला अधिक एक असे असून वर आमची स्वतःची गच्ची आहे. घरात आम्ही एकूण चार माणसे आहोत.

माझे पती अनंत हे कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते. ते ११ फेब्रुवारी २०२२ रोजी वारले. मुलगा सुयोग, सून अबोली व नात दिशा हे २०१९ पासून नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे असतात. सुयोगचा फोन दर रविवारी सकाळी अकरा वाजता येतो. घराच्या दाराबाहेर त्याने कॅमेरा बसवला असून त्यातले चित्र त्याला तिकडे मोबाईलवर दिसते. सकाळी दुधाची पिशवी उचलताना मी कॅमेऱ्याखाली जरा थांबते, म्हणजे त्याने बघितले तर मी दिसावी. विजेचे बिलही त्याच्याच मोबाईलवर जाते व तोच ते भरतो. मुलगा चांगला आहे, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे.

आज सकाळी ११.४० च्या सुमारास मी व श्रुतिका राजेश मेस्त्री, वय २९, रा. वाकोला, सांताक्रूझ पूर्व, अशा दोघी माझ्या गच्चीवर होतो. श्रुतिका ही घरांवर सोलर पॅनेल बसवणाऱ्या एका कंपनीत पाहणीचे काम करते. मीटरची पेटी तपासण्यासाठी तिने खालचे मेन स्विच बंद केले होते, त्यामुळे दाराचा कॅमेराही बंद पडला. माझा मोबाईल खाली स्वयंपाकाच्या ओट्यावर होता. त्यावर सुयोगचे चौदा मिस्ड कॉल आले. एका दिवसात एवढे फोन त्याने पूर्वी कधी केलेले नाहीत. १२.२० वाजता दोन पोलीस घरी आले व श्रुतिकाला चौकशीसाठी घेऊन गेले. मी मागोमाग रिक्षाने आले. मला येण्यास कोणी सांगितले नव्हते.

मुलाने ई-मेलने पाठवलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, नोव्हेंबरात आमचा वीज वापर ७१ युनिट होता तो डिसेंबरात ३१८ झाला, म्हणजे मोठे सोलर गळ्यात मारण्यासाठी या बाईने मीटरमध्ये काहीतरी केले असावे. दुसरी, ही बाई सात वेळा घरी आली व दोन वेळा पिशवी भरून घेऊन गेली. तिसरी, आई एकटी आहे आणि भोळी आहे. यातला भोळी हा शब्द मला मान्य नाही.

पिशवीबाबत सांगते की, पहिल्या वेळी तिच्यात स्टीलचा एक डबा होता व डब्यात आठ आंबोळ्या होत्या. तो डबा परत आला आहे. रिकामा डबा परत देऊ नये ही रीत तिला ठाऊक आहे, म्हणून त्यात तिच्या आईने केलेल्या खोबऱ्याच्या वड्या आल्या. दुसऱ्या वेळी कुळथाचे पीठ दिले. तो डबा अजून तिच्याकडे आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

या वयात सोलरचा विचार का केला, असे विचारल्यावरून सांगते. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी रस्त्याखालची केबल जळाल्याने आमच्या गल्लीतली वीज सकाळी १०.३० पासून सायंकाळी ५.३० पर्यंत बंद होती. मी उठल्यापासून टीव्ही लावून ठेवते. बघतेच असे नाही, चालू असतो. तो बंद पडला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. सात तास घरात कसलाही आवाज नव्हता आणि दाराशीही कोणी आले नाही. मी एकदा मोठ्याने, "काय गो सुलू, जेवलंस?" असे स्वतःलाच विचारले. आपला आवाज ऐकून मला फार भीती वाटली. वीज साठवणारी बॅटरी घ्यायची, हे मी त्याच दिवशी ठरवले.

नोव्हेंबरात मी पेपरातल्या जाहिराती बघून तीन कंपन्यांना फोन केले. पाहणीला पैसे पडत नाहीत. तिन्ही कंपन्यांची माणसे आली, गच्चीवर चढली, चहा प्यायली. तिघांनीही एकच सांगितले, "मावशी, मुंबईत लाईट जाते कुठे? पॅनेल घ्या, बॅटरी कशाला?" मी म्हटले, "माझी गेली होती." त्यांच्या फॉर्मवर घरातील माणसांची संख्या असा रकाना असतो. तिथे मी प्रत्येकाला चार सांगितले. दिशाच्या जन्माआधी घरात चार ताटे लागत होती, तेव्हापासूनची ती सवय आहे. तिघांपैकी कोणीही दुसऱ्यांदा आला नाही. मोबाईलवर आकड्यांचा कागद तेवढा आला.

मग मी चौथ्या कंपनीला फोन केला व तिथून श्रुतिका प्रथम २४ नोव्हेंबर रोजी आली. तिलाही मी माणसे चार सांगितली. आमच्या शेजारी आता सात मजली इमारत झाली आहे. तिची आणि आमच्या पाण्याच्या टाकीची सावली गच्चीवर पडते, व सावलीत पॅनेल कामाचे नाही. ती म्हणाली, "काकू, डिसेंबरात सावली सगळ्यात लांब पडते ना, महिनाभर नोंद ठेवली तर पॅनेल कुठे बसवायचं ते परफेक्ट कळेल. पण रोज इथे येणार कोण?" मी म्हटले, "रोज यायला कशाला हवंय कोणी? मी आहे ना. मला दुसरा काय धंदा आहे?"

त्याप्रमाणे १ डिसेंबरपासून मी रोज सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता गच्चीवर जाऊन सावलीच्या कडेने खडूने रेघ मारत असे, शेजारी तारीख घालत असे आणि फोटो श्रुतिकाला पाठवत असे. एकतीस दिवसांच्या त्र्याण्णव नोंदी झाल्या. एकही चुकली नाही. १७ तारखेला अंगात ताप होता, तेव्हा जिना बसत बसत चढले. श्रुतिकाचे उत्तर येई, "ओके काकू" किंवा "झकास". दिवसातून तीनदा कोणीतरी माझी वाट बघते आहे, असे मला वाटत असे. ती खरेच बघत होती का, हे मी तिला विचारलेले नाही. शनिवारी ती रेघा तपासायला येई. तेव्हा मी मासे आणत असे. एकटीसाठी बांगडा आणला तर तो दोन दिवस पुरतो व नकोसा होतो.

पहिल्याच आठवड्यात, म्हणजे ६ डिसेंबर रोजी, श्रुतिकाने माझे नोव्हेंबरचे बिल मागितले. ते बघून म्हणाली, "एकाहत्तर युनिट? काकू, चार माणसांचं घर ना हे? एवढ्यात तर एकच माणूस भागवतं."

मी म्हटले, "आम्ही कोकणातली माणसं गं बाय. काटकसर अंगातच असते."

ती यावर हसली नाही. तिने सांगितले की शंभर युनिटच्या खाली वापर असेल तर त्यांच्या ऑफिसात फाइल बंद करतात, कारण त्या घराला सोलरची गरजच नसते. "डिसेंबरचं बिल येऊ दे, मग बघू," असे ती म्हणाली. मी तिला आग्रहाने आणखी एक बांगडा वाढला.

डिसेंबरात वापर ३१८ युनिट कसा झाला, असे आज विचारल्यावर मी प्रथम फ्रिज बिघडला असे सांगितले. ते खोटे होते. जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले, "आजी, फ्रिज अडीचशे युनिट जास्त खातो का? मग मीटर तपासणीला पाठवावा लागेल. रिपोर्ट येईपर्यंत या बाईवरचा संशय काय जात नाही." मी म्हटले, आजी म्हणू नका. पण त्या वेळी मला दारातून बाहेरच्या बाकावर श्रुतिका दिसत होती. तिचे ओळखपत्र टेबलावर जमा होते. गुन्हा नोंद झाला तर उद्यापासून कामावर येऊ नको, असा तिच्या कंपनीचा फोन येऊन गेला होता. ती पिशवी मांडीवर घेऊन शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली होती व बाराच्या आधीपासून तिने काही खाल्ले नव्हते. तिच्या खडूच्या हाताचा पांढरा डाग पंजाबी ड्रेसवर तसाच होता.

साहेबांनी हात थांबवून मला विचारले, "खरं काय ते सांगता का? सांगितलं तर लिहावं लागेल, आणि तुमच्या मुलालाही कळवावं लागेल." मी दोन मिनिटे वेळ मागितला. महिला पोलीस प्रियंका मॅडम यांनी पाणी दिले. नंतर मी लिहा असे सांगितले.

ती वीज मी जाळली. ७ डिसेंबरपासून मी रोज सकाळी सुयोगच्या खोलीतला एसी लावत असे व दुपारचे जेवण होईपर्यंत चालू ठेवत असे. वरच्या दोन्ही खोल्यांतले पंखे व दिवे दिवसभर चालू ठेवले. दोन्ही न्हाणीघरांचे गिझर लावले. दिशा येते तेव्हा लागतो म्हणून घेतलेला ओव्हन रिकामाच तापवला. वीज फुकट जाऊ नये म्हणून मी प्रत्येक खोलीत थोडा थोडा वेळ जाऊन बसत असे. एसीच्या खोलीत शाल पांघरून बसत असे, कारण थंडीचे दिवस होते. या कामी मला कोणी सांगितले नाही, शिकवले नाही. श्रुतिकाला यातले काहीही माहीत नव्हते. मीटरला तिने हात लावला तो आज, माझ्यासमोर, पहिल्यांदा.

असे का केले, या प्रश्नाला उत्तर देते की, फाइल बंद झाली असती तर ती आली नसती. एवढेच कारण आहे.

दुपारी ४.०५ वाजता साहेबांनी सुयोगला फोन लावून स्पीकरवर घेतला. मी त्याला एसीचे सांगितले. तो म्हणाला, "अगं आई, एसी लावायचा होता तर लाव ना! बिलाचं मी कधी काही बोललोय का तुला? त्यासाठी लपवायचं काय?" मी म्हटले, "नाही रे, तू कधी बोलला नाहीस." मी बिलाला घाबरले असा त्याचा समज झाला आहे. मी तो खोडून काढला नाही. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते व त्याला सकाळी लवकर ऑफिस होते. तक्रार मागे घेतो असे त्याने साहेबांना सांगितले व मला म्हणाला, "रविवारी नीट बोलू." तो रविवारी बोलेल याची मला खात्री आहे. नीट बोलता येईल का, ते सांगता येत नाही.

माझी श्रुतिका राजेश मेस्त्री हिच्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही. तिने मला फसवले नाही. उलट मी तिच्या दीड महिन्याच्या कामाची नासाडी केली, त्याबद्दल मला वाईट वाटते. माझा खरा वापर ७१ युनिट आहे. एवढ्या वापराला सोलर लागत नाही, आणि वर्षातून एकदा सात तासांसाठी बॅटरी घेणे हे शहाणपणाचे नाही, हे पहिल्या तिघांनीही सांगितले होते. सबब मी सोलर घेत नाही. फाइल आता बंद होईल व तिला माझ्याकडे येण्याचे कारण राहणार नाही, हे समजून उमजून मी वरील हकीकत सांगितली आहे.

श्रुतिकाला आत बोलावून हा मजकूर तिच्यासमोर सांगितला असता तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "काकू, तुमच्या दाराशी चपलांचा एकच जोड असतो. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फॉर्मवरचा तो माणसांचा रकाना मी कोराच ठेवलाय. चार लिहिलंच नाही." डबा सवडीने आण, एवढे मी तिला सांगितले. तिने मान हलवली. तिचे ओळखपत्र माझ्यासमोर तिला परत देण्यात आले.

तिने खोटे लिहिले नाही, मी मात्र पोलिसांच्या कागदावर लिहायला लावले. या जबाबाच्या सुरुवातीला घरात एकूण चार माणसे आहेत असे मी सांगितले आहे. ते चूक आहे. ती दुरुस्ती करून मिळावी अशी मी विनंती केली. त्यावर प्रियंका मॅडम यांनी संपूर्ण जबाब मला सावकाश मराठीत वाचून दाखवला. चष्मा घरी राहिल्याने मी तो कानांनी ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही.

सुरुवातीचा चार हा आकडा माझ्यासमोर खोडून तेथे एक असे लिहिले आहे. खोडलेल्या जागी मी सही केली. आता बरोबर आहे.

(सही)
सुलक्षणा अनंत धुरी