मूलपेशींच्या फॉर्मवरची सही

वीस वर्षं शिकवून दमलोय बघा. परवा वर्गात फॉर्म वाटले: मणक्याच्या दुखापतीवर उपाय शोधायला भ्रूणातल्या मूलपेशी वापरणं योग्य का? नाव लिहू नका म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फॉर्मवर वडिलांची सही!

"अरे, मत तुमचं विचारलंय की!"

"सर, कॉलेजचा फॉर्म हाय. घरची सही लागतीच की."

उत्तरही सगळ्यांचं एकच, 'अयोग्य'. फक्त मुरगूडच्या एका पोरीचं 'योग्य', आणि खाली सही पार वेडीवाकडी. आधीच वैतागलेलो, तिच्यावरच घसरलो.

"ही सही तूच ठोकलीस न्हवं?"

"न्हाई सर, पप्पांचीच हाय. ट्रॅक्टरवरनं पडल्यापासनं पेन दातात धरत्यात."