पोळ्याला काढलेला पट्टा

मी, मधुसूदन देवाजी भोयर, वय ५४, धंदा संस्कृत शिक्षक, राहणार नंदनवन, नागपूर, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी व पत्नी प्रेमिला असे दोघेच राहतो. मुलगी जया सासरी जबलपूरला असते. मुलगा मुकुंद राउरकेल्यास नोकरीला आहे. दोन दिवाळ्या तो आला नाही. त्या कारणाचा या तक्रारीशी संबंध नाही.

मुकुंद गेला त्याच पावसाळ्यात कुत्र्याचे एक पिल्लू आमच्या पायरीवर येऊन बसले. पत्नीने ते ठेवून घेतले. रंग तांबूस, डावा कान फाटका. त्याची तुपावरील निष्ठा पाहून मी त्याचे नाव चार्वाक ठेवले. रीतसर परवाना काढलेला असून पितळी बिल्ला गळ्यातील पट्ट्यास असतो.

पत्नी कुहीकडील शेतकऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात व "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे त्यांस सांगतात. आमच्याकडे बैल नाहीत. यंदा तिने हे सर्व कुत्र्यास केले. पोळ्याच्या सकाळी त्यास आंघोळ घातली व पट्टा काढून ठेवला. मी म्हटले, "अवं, बिल्ला त्यातच आहे."

ती म्हणाली, "पोळ्याच्या दिवशी कोनाच्या मानेवर काही ठेवतेत काय जी? सालभर त बांधलाच असते."

न्यायशास्त्रात यावर उत्तर असावे. ते न शोधता मी पट्टा खुंटीस अडकवला.

दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली. सगळे नागपूर आपली ईडापीडा ओरडून गावाबाहेर घालवत होते. ढोल-ताशांच्या आवाजाने बिचकून कुत्रा फाटकावरून उडी टाकून पळाला. पट्टा खुंटीवरच होता. तेव्हापासून पत्नी जेवली नाही. हाका मारत गल्ल्या फिरते. शेजारच्या इंदुताई तिला म्हणाल्या, "कुत्र्यासाठी कोनी एवढं रडते काय वं?" पत्नी म्हणाली, "मी कुठं रडून राहिली?" हे तिने रडतच सांगितले, असे माझे निरीक्षण आहे.

आज दुपारी कळले की, बिनबिल्ल्याची कुत्री धरणारी गाडी आमच्या भागात आली होती. मी कुत्री कोंडतात त्या आवारात गेलो. फाटकास कुलूप होते. जाळीतून दूरवर पुष्कळ कुत्री दिसली. चिखलामुळे सर्वांचा रंग एकच. मी 'चार्वाक' अशी हाक मारली. एकही उठले नाही. रखवालदार म्हणाला, "तुमचा असता त आला नसता काय, गुरुजी? अन् उद्या सकाळी या कुत्र्यायची विल्हेवाट हाय. आत पाहाचं असन त पोलिसाची चिठ्ठी आना."

विल्हेवाट म्हणजे काय, हे मी विचारले नाही. शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा धंदा आहे.

घरी येऊन सांगितले तेव्हा पत्नीने बसक्या आवाजात विचारले, "कोन्या नावानं हाक मारली जी?" मी सांगितले. "थ्या नावानं तो कधी आला काय तुमच्याकडं?" एवढे बोलून ती चपला न घालता निघाली. आम्ही थेट येथे आलो.

जबाब लिहिणारे हवालदार रुपराव माझे जुने विद्यार्थी आहेत. ते म्हणाले, "गुरुजी, कुत्रा हरपल्याचं कलम मी कुठून आनू जी?" मी म्हटले, "तुझी उत्तरं कुठून येत, हे मी परीक्षेत कधी विचारलं नाही, रुपराव." हे वाक्य लिहू का, असे ते विचारतात. लिहावे.

पत्नी बाहेर बाकावर पट्टा घेऊन बसली आहे. तरी फाटक आजच उघडले जावे अशी चिठ्ठी आत्ता मिळावी. याहून अधिक माझे मागणे नाही.

एक दुरुस्ती आहे. वर कुत्र्याचे नाव 'चार्वाक' लिहिले आहे ते खोडावे. त्या नावाने फक्त मी बोलावत असे. पत्नी पहिल्या दिवसापासून त्यास बाळ्या म्हणते, व तो त्याच नावास येतो; तेच लिहावे. मुकुंदासही घरी बाळ्याच म्हणत. म्हणून मी ते नाव घेत नसे. हाका मारून पत्नीचा घसा बसला आहे. तिचा आवाज जाळीपलीकडे पोचणार नाही. हाक मी मारीन.

वरील मजकूर रुपरावांनी मला वाचून दाखवला. खोडलेल्या जागी लिहिलेले नाव त्यांनी हळू वाचले, म्हणून ते मी स्वतः मोठ्याने वाचले. बाहेर बाकापर्यंत ऐकू गेले. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व बरोबर आहे.